परका, यजमान आणि करार



ह. मूसा (अलै.) मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ ना सामान होते, ना ओळखीचा माणूस, ना त्या मुलुखात राहण्याचा कोणताही अधिकार. मागे फिरऔनचे शिपाई शोधात होते. त्या अवस्थेत त्यांनी प्रथम काय केले? पाणवठ्यावर मागे थांबलेल्या दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले आणि मग सावलीत जाऊन बसले. तेथे त्यांनी जी दुआ मागितली तिचा आशय असा की, हे पालनकर्त्या, तू जे काही भले माझ्याकडे पाठवशील त्याचा मी गरजवंत आहे (२८:२४). परमुलुखात उतरलेल्या माणसाची एवढी खरी दुआ दुसरी कोणती असेल!

सूरह अल-कससमधील हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो. पुढचा भाग मात्र घाईने ओलांडून जातो. त्या मुलींचे वयोवृद्ध पिता ह. मूसा (अलै.) यांना बोलावून घेतात आणि प्रथम अभय देतात. मग मुलगी सुचविते की यांना कामावर ठेवावे, कारण कामावर ठेवण्यास योग्य तो, जो सशक्त आणि विश्वासू असतो. त्यानंतर करार ठरतो : आठ वर्षांची चाकरी, दहा पूर्ण केली तर ती स्वखुशीची. यजमान स्वतःहून सांगतात की, मी तुझ्यावर जाच करू इच्छित नाही. ह. मूसा (अलै.) उत्तर देतात की दोहोंपैकी कोणतीही मुदत पूर्ण केली तरी माझ्यावर जबरदस्ती होऊ नये, आणि या बोलण्यावर अल्लाह साक्षी आहे (२८:२७-२८). बुखारी शरीफमध्ये ह. इब्ने अब्बास (रजि.) यांना विचारले गेले आहे की त्यांनी कोणती मुदत पूर्ण केली. उत्तर होते : दोहोंपैकी मोठी.

या चार-पाच आयतींमध्ये स्थलांतराचा जवळजवळ सगळा प्रश्न सामावलेला आहे. येणाऱ्याची गरज आहे, त्याचे काम आहे, यजमानाने दिलेले अभय आहे, मुदत आहे, दोन्ही बाजूंच्या अटी आहेत आणि वर साक्षी अल्लाह आहे. आज जगातील सरकारे ज्याला स्थलांतर धोरण म्हणतात त्याच्या मुळाशी याच गोष्टी असतात. फरक एवढाच की तेथे शेवटची गोष्ट नसते.

हा विषय रायगडच्या वाचकासाठी पुस्तकी नाही. म्हसळे, श्रीवर्धन, मुरुड, महाड, रोहे या भागांत असे मुस्लिम घर शोधावे लागेल ज्यातील कोणी दुबई, दोहा, कुवेत, जिद्दा किंवा लंडनला नाही. पालीसारख्या आतल्या गावातही, जेथे समुद्र दिसत नाही आणि बाजारपेठ बल्लाळेश्वराच्या यात्रेकरूंवर चालते, परदेशातून येणाऱ्या पैशावर उभी राहिलेली घरे आहेत. त्याच वेळी सुधागड तालुक्याच्या वाड्यांवरील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. खोपोलीच्या बाजूचे कारखाने आणि बांधकामे यांवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगालचे मजूर राबतात. म्हणजे आपण एकाच वेळी पाठवणारेही आहोत आणि स्वीकारणारेही. पाठवणारे म्हणून आपण एक न्याय मागतो. स्वीकारणारे म्हणून तोच न्याय देतो का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

चौल बंदरातील पाहुणे

आपण कोकणी मुसलमान येथे कसे आलो, याची आठवण प्रथम ठेवू. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत मुसलमान हनफी आहेत आणि कोकण किनाऱ्यावर आपण शाफई. समुद्रमार्गे आलेल्या अरब व्यापाऱ्यांशी असलेल्या नात्याची ही खूण आजही दर नमाजमध्ये दिसते.

हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, प्रसिद्ध अरब प्रवासी व इतिहासकार अल-मसऊदी सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपले चौल, आजच्या अलिबाग तालुक्यातील. तेथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान त्याने नोंदविले आहेत. येथे जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ म्हणत. राज्य शिलाहारांचे होते आणि त्यांच्यावर सत्ता राष्ट्रकूटांची, ज्यांना अरब लेखक ‘बल्हरा’ म्हणतात. या राज्याने परक्यांसाठी एक व्यवस्था केली होती. मुसलमानांमधूनच एक प्रमुख नेमला जाई, त्याला ‘हुनरमन’ म्हणत, आणि मुसलमानांच्या आपसातील बाबींचा निवाडा तो करी. मशिदी होत्या, त्यांत नमाज होत असे.

विचार करा. जहाजातून उतरलेला, वेगळी भाषा बोलणारा, वेगळ्या दिशेला तोंड करून प्रार्थना करणारा माणूस. त्याला हाकलून दिले नाही की त्याचा धर्मही सोडायला लावला नाही. वसू दिले आणि त्याच्या अंतर्गत बाबींचा निवाडा त्याच्याच माणसाकडे सोपविला. अकराशे वर्षांपूर्वीचे हे स्थलांतर धोरण आहे आणि ते एका हिंदू राजसत्तेचे आहे. कृतज्ञता हा ईमानचा भाग मानणाऱ्याने हे विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण थोडे उत्तरेकडचे. संजाण म्हटले की पारशी बांधवांची दूध-साखरेची गोष्ट आठवते. गोष्ट गोड आहे, पण त्याच परिसराविषयीचा एक ताम्रपट मला तिच्याहून बोलका वाटतो. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला हा ताम्रपट शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. त्यात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण मंडलाचा कारभार पाहणारा एक ‘ताजिक’ अधिकारी येतो. ताजिक म्हणजे अरब. संस्कृत लेखात त्याचे नाव ‘मधुमती’ असे आहे. मुहम्मद हे नाव तेथील लेखनिकाच्या कानाला असे ऐकू आले! या अधिकाऱ्याने नद्यांवर विनामूल्य तरी सुरू केल्या आणि वाटसरूंना भात, कालवण व तूप मिळेल असे अन्नछत्र घातले, अशी त्यात नोंद आहे. एका मठाला दिलेल्या जमिनीच्या दानाचाही उल्लेख आहे. काही वाचकांना हे शेवटचे वाक्य खटकेल. परंतु एखाद्याच्या उपासनेत सामील होणे वेगळे आणि आपल्या कारभाराखालील सर्व धर्मांच्या प्रजेचे हक्क राखणे वेगळे. जे तुमच्याशी धर्मापायी लढले नाहीत त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करीत नाही, हा सूरह मुमतहिनाचा (६०:८) आशय सर्वांना ठाऊक आहे.

पालीहून नागोठण्याला जाणाऱ्यांना अंबा नदीवरचा तेथील जुना दगडी पूल माहीत असेल. तो सोळाव्या शतकात चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधला, असे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर सांगते. तरीपासून पुलापर्यंत सहाशे वर्षे गेली. परका म्हणून आलेल्यांच्या वंशजांनी नदी ओलांडण्याची सोय सर्वांसाठी केली. मिसळणे म्हणतात ते असे.

मिसळणे आणि विरघळणे

हे दोन शब्द आपण वेगळे ठेवले पाहिजेत. आपल्या पूर्वजांनी या भूमीची भाषा घेतली, तांदळाची भाकरी घेतली, सांदणे घेतली, गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनाव घेतले. जुन्या पिढीतील अनेक स्त्रिया लुगडे नेसत. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले तेव्हा मुख्यमंत्रिपदी याच जिल्ह्यातील आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले होते. या सर्वांत तौहीद कोठेही कमी झाली नाही.

शेजारी बेने इस्राईल समाजाचेही असेच आहे. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आले. ते तेलघाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. भाषा मराठी, आडनावे किहीमकर, रोहेकर, पेणकर. पण शनिवार सोडला नाही. पुढे त्यांच्यातील बरेच लोक इस्राईलला गेले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. ज्यांनी इतकी शतके स्वतःची ओळख जपली, त्यांच्याच धर्माच्या देशात १९६० च्या सुमारास त्यांच्या विवाहसंबंधांच्या शुद्धतेवर शंका घेतली गेली. त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४ मध्ये त्यांचा समान दर्जा मान्य झाला. स्वधर्मीयांचा देश म्हणजे आपोआप आपला देश, असे नसते. आखातात चाळीस वर्षे राबून, तेथील मशिदीत पहिल्या सफमध्ये उभे राहूनही निवृत्तीच्या दिवशी परतीचे तिकीट घेणाऱ्या आपल्या बांधवांना हे वेगळे सांगायला नको.

इस्लामचा आदर्श येथे स्पष्ट आहे. ह. बिलाल ‘हबशी’च राहिले, ह. सलमान ‘फारसी’च आणि ह. सुहैब ‘रूमी’च. मदीनेच्या समाजात ते पूर्णपणे सामील झाले, पण मूळ पुसून नव्हे. भाषांची आणि रंगांची भिन्नता ही अल्लाहची निशाणी आहे (३०:२२), मग ती पुसण्याचा आग्रह का धरावा? दुसरीकडे प्रेषित (स.) यांनी ह. जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले आणि ते थोड्याच दिवसांत ती शिकले. म्हणून ब्रिटनमध्ये कायम राहू इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींना तेथील इंग्रजीची अट आणि चोवीस प्रश्नांची नागरिकत्व चाचणी जाचक वाटू नये. ज्या भूमीत राहायचे तिची भाषा आणि कायदा जाणणे हे कमीपणाचे नाही. मात्र फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांतून मुलींच्या डोक्यावरील रुमाल काढायला लावला, तेव्हा मागणी मिसळण्याची नव्हती, विरघळण्याची होती. तेथे सनदशीर मार्गाने नकार देणे हा मुसलमानाचा हक्क आहे.

अशा नकाराचे एक जुने उदाहरण आहे. आपल्या कोकणातूनही पूर्वी कुटुंबे केपटाऊनला गेली. त्या काळी केप वसाहतीत उतरण्यासाठी युरोपीय भाषेत लिहिता येण्याची अट होती. १४ मार्च १९१३ रोजी तेथील न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, अनेकपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह तेथील कायद्याला मान्य नाही. प्रकरण हिंदुस्थानातून पतीकडे आलेल्या एका मुस्लिम स्त्रीचे होते. एका निकालाने हजारो हिंदू-मुस्लिम स्त्रिया कायद्याच्या नजरेत पत्नीच राहिल्या नाहीत. गांधीजींच्या सत्याग्रहात त्यानंतर स्त्रिया उतरल्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या आणि १९१४ च्या कायद्याने हे विवाह मान्य करावे लागले. येणाऱ्याने भूमीचा कायदा पाळावा, पण त्याचे घर मोडणारा कायदा बदलून मागावा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला साधतात.

हबशाचा धडा

प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी सहाबा हबशाला गेले, तेथे मुसलमानांचे राज्य नव्हते. मक्केच्या कुरैशांनी अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ यांना कमावलेल्या कातड्यांचे नजराणे देऊन पाठविले : ही आमची पळालेली माणसे आहेत, आमच्या हवाली करा. दरबारी तयार झाले. नजाशीने मात्र सांगितले की ज्यांनी माझा आसरा घेतला त्यांचे म्हणणे ऐकल्यावाचून मी त्यांना देणार नाही. ह. जाफर (रजि.) यांनी सूरह मरयम ऐकविली, तो प्रसंग सर्वांना पाठ आहे.

कमी सांगितला जाणारा प्रसंग ह. उम्मे सलमा (रजि.) यांनी कथन केला आहे. नजाशीविरुद्ध कोणी बंड केले, तेव्हा मुहाजिरांना अतोनात दुःख झाले. त्यांनी नजाशीच्या विजयासाठी दुआ केली आणि ह. जुबैर (रजि.) फुगविलेल्या पखालीच्या आधाराने नदी पोहून लढाईची खबर आणायला गेले. ज्या राज्याने आसरा दिला त्याचे भले चिंतणे, त्याच्या संकटात अस्वस्थ होणे, ही सहाबांची रीत आहे. ह. जाफर (रजि.) व त्यांचे सोबती तेथे हिजरी सात पर्यंत राहिले.

आता आपल्या वागण्याकडे पाहू. कराराची पूर्तता करा, हा आदेश सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. व्हिसा हा करारच आहे. उमऱ्याच्या व्हिसावर जाऊन मागे राहणे, ‘आझाद व्हिसा’ विकत घेऊन कफीलच्या नावाखाली भलतीकडे काम करणे, मुदत संपल्यावर लपून राहणे, या गोष्टी आपल्याकडे हुशारी म्हणून सांगितल्या जातात. उलेमांना विचारा, ते हुशारी म्हणणार नाहीत. आणि जे आपल्याच गावच्या मुलाला व्हिसा विकतात, ज्याची किंमत फेडण्यासाठी त्याची आई दागिने गहाण टाकते, त्यांच्या कमाईला काय म्हणावे? एका गरजवंताच्या गरजेचा तो व्यापार आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते आणि आखाती देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी घ्यावी लागते. ही अट १९८३ च्या कायद्याने अशाच फसवणुकीपासून संरक्षण म्हणून आली. ती टाळण्यासाठी पर्यटक म्हणून जाणारा मुलगा स्वतःचे एकमेव कवच काढून ठेवतो.

पण करार एकतर्फी नसतो. कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणारा, पगार थकविणारा मालक पाच वेळा नमाज पढत असला तरी मदयनच्या त्या वृद्धाचे वाक्य त्याच्या विरुद्ध साक्ष देईल. नोकरी बदलण्यासाठी मालकाचे ना-हरकत पत्र लागण्याची अट कतारने २०२० मध्ये काढली. याला सुधारणा म्हणतात. खरे तर ती परतफेड आहे.

आपल्या दारातला परका

येथवर वाचून बरे वाटले असेल, कारण आतापर्यंत आपण दुसऱ्यांकडून काय अपेक्षा करावी हेच अधिक बोललो. आता कठीण भाग.

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर एक तरुण मशिदीच्या पायऱ्यांवर थांबला होता. प्लास्टरचे काम करणारा, पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबादचा. भाड्याने खोली हवी होती. आमच्यातील एका सद्गृहस्थांची मागची खोली रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “हाजीसाहेब, सध्या दिवस बरे नाहीत. बाहेरचा माणूस, उद्या चौकशी आली तर?” हाजीसाहेबांनी नकार दिला. मुलगा “ठीक है चाचा” म्हणून निघून गेला. मी घरी आलो. माझा भाचा दोह्यात एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो आणि ती खोली त्याला एका केरळच्या माणसाने, कोणतीही ओळख नसताना, दाखवली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे मी नम्रता म्हणून लिहीत नाही, घडले म्हणून लिहितो.

दिवस बरे नव्हते हे खोटे नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट दिली आणि मुसलमानांना वगळले. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. त्याआधी, २०२५ च्या जूनमध्ये, महाराष्ट्रात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे धाडले गेले आणि ते भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर परत आणावे लागले. आपल्या वृद्धांची नावे उर्दू शाळेच्या दाखल्यात एक, सात-बारावर दुसरी आणि आधारकार्डावर तिसरी आहेत, त्यामुळे भीती आपल्याही घरात आहे. (ही नावे वेळीच दुरुस्त करून घ्या. शाफई असोत वा हनफी, आळस दोघांनाही सारखाच नडतो.) कोणत्याही राज्याला आपल्या सीमेचा आणि नोंदीचा अधिकार आहे, हे मान्य करूनही धर्म पाहून वेगळा न्याय लावण्याबद्दलचा आक्षेप आपण न्यायालयात, निवेदनात, मतपेटीत मांडत राहावे.

परंतु भीतीमुळे आपला स्वतःचा न्याय बदलतो का? सूरह निसाच्या छत्तिसाव्या आयतीत जवळच्या शेजाऱ्याबरोबर परका शेजारी आणि वाटसरू यांचेही हक्क सांगितले आहेत. सूरह हश्रमध्ये (५९:९) अन्सारांची स्तुती आहे, ती ते स्वतः तंगीत असताना मुहाजिरांना अग्रक्रम देत म्हणून. ह. साद बिन रबी (रजि.) यांनी ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली निम्मी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि म्हणाले, मला बाजार कोठे आहे ते दाखवा. मग त्यांनी पनीर आणि तूप विकून सुरुवात केली. यजमानाचे औदार्य आणि पाहुण्याचा स्वाभिमान एकाच प्रसंगात आहेत. त्या प्लास्टरवाल्या मुलाने तर निम्मी संपत्ती मागितली नव्हती. तो भाडे देणार होता.

कायदा आपल्याला अडवीत नाही. भाडेकरूचे ओळखपत्र पाहा, छायाप्रत घ्या, लेखी करार करा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. हे केले की घरमालकाने आपले काम केले. हीच तपासणी हिंदू भाडेकरूची, मराठी भाडेकरूची, कातकरी कुटुंबाचीही करा. केवळ बंगाली बोलणाऱ्याची नको. वीटभट्टीवरून परतणाऱ्या कातकरी मुलाला शाळेत मागच्या बाकावर बसविले जाते तेव्हा तोही आपल्याच तालुक्यातला परका होतो. तो तर चौलचे जहाज लागण्याच्या आधीपासूनचा असावा.

ईदनंतर मी हाजीसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “तुम्हीच तर नको म्हणालात.” मी कबूल केले. तो मुलगा वाकण फाट्याजवळच्या एका बांधकामावर, पत्र्याच्या आडोशाला राहत होता. आम्ही दोघे गेलो. त्याच्याकडे आधारकार्ड होते, मतदार ओळखपत्र होते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला शाळेचा दाखलाही होता. असे कागद तो सतत जवळ बाळगतो, असे म्हणाला.

अकरा महिन्यांचा करार मराठीत लिहिला. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून हाजीसाहेबांनी एकेक अट हिंदीत वाचून दाखविली : भाडे किती, वीजबिल कोणाचे, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचे. मुदतीच्या अटीवर तो थांबला. अकरा महिन्यांनी काढून टाकाल का, असे त्याने विचारले. हाजीसाहेब म्हणाले, “ते तुझ्या मर्जीवर. मी तुला त्रास देणार नाही.” मग त्याने सही केली आणि आम्ही तिघे नोंद देण्यासाठी पाली पोलीस ठाण्याकडे निघालो.